तासिका तत्त्वावर

नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं.
'आपणांस कळविण्यात येते की' पासून
'आपला विश्वासू' पर्यंत सगळं जुनंच,
नाव तेवढं बदललं.
फाइल मात्र कॉम्प्युटरवर अजून
'इंगवले सर अंतिम' अशीच पडून आहे.

मुलाखतीला पाच जण आले.
एक शिवाजी पेठेतला. त्याला बघून
मंगळवार पेठेचे संचालक चहा अर्धा ठेवून उठले.
एक मंगळवारातला. मग समोरच्या खुर्च्या सरकल्या.
तिसऱ्याकडं लायसन्स होतं, पुण्याची मराठी होती,
लॅपटॉपवर निळे-लाल बाण पळत होते.
सचिव म्हणाले, छान आहे, पण हा परवडणार कुणाला?
चौथा आता आठवत नाही.
पाचवा गडहिंग्लजच्या एसटीनं आलेला,
बाळेश नूलकर,
पिशवीत जेवणाचा डबा आणि हवा भरायचा पंप.
तुमची पद्धत काय, प्राचार्यांनी विचारलं.
म्हणाला, आधी ग्राउंड बघतो.

तो कुणालाच नको होता
म्हणून सर्वानुमते ठरला.

कट्ट्यावर रात्री बोलणं झालं:
कोल्हापुरात माणसं संपली व्हय?
उद्या आखाड्याची मातीबी बाहेरनं मागवा.

सहा वाजता पोरं आली, आपापल्या तालमीच्या जर्सीत,
त्याच्याकडं पाठ करून बसली.
तो काही बोलला नाही.
वाकून वाकून चालत राहिला, या गोलपासून त्या गोलपर्यंत.
मे महिन्यात ग्राउंड लग्नांना भाड्यानं देतो आम्ही,
मंडपवाले खिळे तसेच सोडून जातात.
दहा वाजता रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवला.
रिकामा नव्हता.
एक्केचाळीस खिळे. जमा करून घ्या, म्हणाला.
स्टॉक रजिस्टरला खिळ्यांचा रकाना नाही.
मी 'इतर' मध्ये लिहिले.

जाता जाता म्हणाला, डावा गुडघा काय?
कुणी सांगितलं?
जिना उतरताना ऐकलं.

इंगवले सर आम्हाला देव होते.
निरोपसमारंभात मीच तसं बोललो, टाळ्या पडल्या.
बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी,
मानेवर पडणारा तो जड हात.
क्वार्टर फायनल होती, मी डावा बॅक,
गुडघ्यात सुतळी तुटल्यासारखं काहीतरी झालं.
सरांनी स्प्रे मारला. म्हणाले, कॉलेजचं नाव आहे, पळ.
मी पळालो.
जिंकलो आपण.
त्या कपावरची धूळ मीच पुसतो,
ते माझ्या कामातच येतं.

रविवारी पहिली मॅच.
तौफिक बागवानचा घोटा आंब्यासारखा सुजलेला,
खेळतो सर, म्हणत होता, हातमोजे घालूनच बसलेला.
नूलकर म्हणाला, काढ ते.
बदली गोलकीपर एकोणीस वर्षांचा, पाय लटपटणारा,
शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्या बगलेतून गेला.
गॅलरीतून चप्पल आली, एकच, डावी.
गोलमागं इंगवले सर स्कूटरवर बसून होते,
न उतरता आले, न उतरता गेले.

सोमवारी ऑफिसचा फोन थांबेना.
संचालक, माजी विद्यार्थी, कुणी नाव न सांगणारा.
मी पत्राची प्रत उघडून बसलो:
मानधन ताशी, कालावधी नऊ महिने,
सदर नेमणुकीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही.
खिडकीतून दिसत होतं,
नूलकर तौफिकचा पाय बादलीत धरून बसलाय,
बर्फ वितळत चाललाय,
दोघंही काही बोलत नाहीत.

अकराला इंगवले सरांचा फोन.
पोराला बसवलं म्हणे?
हो सर.
बराच वेळ पलीकडं रस्त्याचा आवाज.
मग, तुझा गुडघा कसा आहे रे?

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
बरा आहे, म्हटलं,
आणि फोन ठेवून
जिन्याकडं निघालो, कठडा धरून.